पिल्लाची कातडी लाल का झाली?

फेब्रुवारी उजाडला की परसातल्या खुराड्यांत कोंबडीची पिल्लं दिसू लागतात, आणि मला फोटो येऊ लागतात. फोटोत हातात धरलेलं पिल्लू, लालसर पोट, आणि खाली एकच ओळ: "मॅडम, काय देऊ?" औषध सांगण्याआधी मला तीन गोष्टी कळायला हव्यात. लाली अंगावर नेमकी कुठे आहे, कधीपासून आहे आणि ते पिल्लू दिवसभर करतंय काय. या वेळी अशाच काही प्रश्नांना उत्तरं देते आहे.

प्रश्न (चिपळूण) : गिरिराज जातीची १२ पिल्लं ३ आठवड्यांची झाली आहेत. खातात, पळतात, पण पोटाखाली आणि पंखांच्या आत कातडी लालसर आहे, पाठही उघडी आहे. कातडीचा रोग असेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून रोग वाटत नाही. पिल्लू जन्मतं ते लव घेऊन. ती लव जाऊन पिसं येतात, पण सगळीकडे एकदम नाही. पहिल्या आठवड्यात पंखांवर पिसं फुटतात, मग शेपटी आणि खांदे. पाठ, छाती, पोट भरायला पाचवा-सहावा आठवडा उजाडतो. मधल्या दिवसांत पिल्लू अर्धवट सोलल्यासारखं दिसतं. गिरिराजसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लांत अंग आधी वाढतं आणि पिसं मागे राहतात. त्यातही नरांची पाठ तलंगांपेक्षा, म्हणजे माद्यांपेक्षा, उशिरा झाकली जाते. कातडी पातळ असते, खालचं रक्त दिसतं, आणि पिल्लं पळून दमलेली असली की आणखी दिसतं.

खात्री करून घ्या. संध्याकाळी पिल्लं निवांत झाली की एक हातात घ्या, एका कुशीवर कलतं धरा आणि पोटावर हळूच फुंकर मारा. लव बाजूला होईल. लाल जागेवर बोट टेकवून सोडा. क्षणभर फिकं पडून पुन्हा गुलाबी झालं, तर ते नसांतलं खेळतं रक्त. दाबूनही डाग तसाच राहिला, जांभळट वाटला, तर कातडीखाली रक्त साकळलेलं आहे. ते पिल्लू वेगळं ठेवा आणि दवाखान्यात दाखवा.

आणखी एक काम करा. पिल्लं ठेवली आहेत तिथे खाली वाका, नाक त्यांच्या उंचीला न्या आणि श्वास घ्या. उभं राहून काही कळत नाही. डोळे चुरचुरले, नाकात झणका गेला, तर खालचं तूस ओलं होऊन त्यात अमोनिया धरला आहे. अशा ओल्या तुसावर बसून छाती, पोट आणि पायांचे गुडघे लाल होतात, पुढे खपल्या धरतात. नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात मी अशाच एका घरी लाल पोटाच्या पिल्लांना पाच दिवसांचं प्रतिजैविक दिलं होतं. फरक पडेना. त्या घरच्या आजींनी सगळं तूस काढून उन्हात वाळवलेलं नवीन तूस दोन-अडीच इंच पसरलं, पाण्याचं भांडं विटेवर उंच ठेवलं आणि आठवड्यात पिल्लांची पोटं स्वच्छ झाली. तेव्हापासून मी आधी तूस हातात घेऊन बघते. मुठीत दाबून सोडल्यावर ते मोकळं झालं पाहिजे. गोळा झाला तर ते बदला.

प्रश्न (उमरेड) : पिल्लांना २४ तास बल्ब लावून ठेवतो. दोन दिवसांपासून ती चोच उघडी टाकून बसतात, अंग लाल झालंय. गारठू नयेत म्हणून बल्ब बंद करायची भीती वाटते.

दादा, बल्ब आत्ता बंद करा, मग पुढचं वाचा. चोच उघडी, पंख अंगापासून सुटे, पिल्लं बल्बपासून लांब भिंतीला चिकटलेली, म्हणजे उष्णता फार झाली आहे. अंगातली गरमी बाहेर टाकायला रक्त कातडीकडे धावतं, म्हणून ती लाल दिसते. थंड पाणी अंगावर ओतू नका. प्यायला साधं ताजं पाणी द्या आणि हवा खेळू द्या.

पहिल्या आठवड्यात बल्बखाली पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर साधारण ३५ अंश सेल्सिअस लागतं, नंतर दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी. आता विदर्भात मार्च-एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली हवाच त्याहून तापलेली असते, मग बल्ब कशाला? रात्री गारवा असेल तर लावा, दिवसा नको. आणि थर्मामीटरपेक्षा पिल्लांवर जास्त विश्वास ठेवा. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर थंडी आहे, लांब पळाली तर गरम होतंय, सगळीकडे पांगून खात-झोपत असतील तर ठीक आहे. पेटीत एक कोपरा नेहमी गार ठेवा, म्हणजे त्यांना हलायला जागा राहील.

याच्या उलट तक्रारही येते. घरातला एलईडी दिवा लावला आणि पिल्लं तरी गारठली. एलईडी उजेड देतो, पिल्लांना पुरेल अशी ऊब देत नाही. त्यासाठी जुना तारेचा बल्ब लागतो, पिल्लामागे साधारण २ वॅट.

प्रश्न (तासगाव) : ३० पिल्लं दोन बाय तीन फुटांच्या खोक्यात आहेत, वय महिन्याचं. पाच-सहा पिल्लांच्या शेपटीच्या मुळाशी लाल जखमा झाल्या आहेत. घरातलं लाल औषध लावलं, तर बाकीची त्यांच्यावर आणखी तुटून पडली.

ही लाली इतर पिल्लांनी टोचून केलेली आहे, आणि यात दिवस घालवून चालत नाही. एकदा रक्ताची चटक लागली की संध्याकाळपर्यंत जिवंत पिल्लाचं मागचं अंग खाल्लेलं मी पाहिलं आहे.

शेपटीच्या मुळाशी नवीन पिसं फुटत असतात. कोवळं पीस नीट बघितलंत तर ते निळसर नळीसारखं दिसतं, आणि त्या नळीत रक्त असतं. एखाद्याने सहज चोच मारली, नळी फुटली, लाल थेंब आला की बाकीच्यांना तो दिसतो. लाल रंगाकडे कोंबडीची जात ओढली जाते. म्हणून जखमेवर लाल औषध लावलं की बाकीच्यांना टोचायला आयती खूणच मिळते. जखमी पिल्लं आजच वेगळी करा, कोमट पाण्याने जखम पुसा आणि जेन्शन व्हायोलेट, म्हणजे दुकानात मिळणारं जांभळं औषध लावा. जखम भरून वर पिसं आल्याशिवाय त्यांना परत सोडू नका.

आता मूळ कारण. तुमचं खोकं ६ चौरस फुटांचं आहे. महिन्याच्या आतल्या पिल्लाला निदान अर्धा चौरस फूट लागतो, महिन्यानंतर एक. म्हणजे तुमच्या ३० पिल्लांना आजच ३० चौरस फूट हवेत. दिवसा परसात जाळीखाली सोडा, हे अर्धं औषध झालं. रात्रभर पांढरा लख्ख उजेड असेल तर तो बंद करा. ऊब लागतच असेल तर लाल बल्ब लावा, त्या उजेडात रक्ताचा थेंब उठून दिसत नाही.

खाऊ घालता काय, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला अंदाज आहे: तांदळाची कणी आणि बाजरी. त्याने पोट भरतं, पिसं भरत नाहीत. पिसं जवळजवळ निव्वळ प्रथिनांची असतात. पिल्लाच्या खाद्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं हवीत, कणीत ती याच्या निम्मीही नसतात. मग पिल्लं एकमेकांची पिसं ओढून खातात. तयार स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांसाठीचं खाद्य द्या. ते परवडत नसेल तर निदान निम्मं द्या, आणि जोडीला वाळवीचं ढेकूळ आणून फोडा. आपल्याकडच्या बाया पूर्वापार पिल्लांना वाळवी घालत आल्या आहेत, आणि त्यांचं बरोबर होतं. सुकट घालणार असाल तर ती आधी दोन पाण्यांत धुऊन घ्या, जास्तीचं मीठ पिल्लांना सोसत नाही. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड मात्र फुकट मिळाली तरी नको, त्यातलं विष यकृतावर जातं.

प्रश्न (पेडणे, गोवा) : गावठी कोंबडीखाली निघालेल्या ९ पिल्लांपैकी एकाची मान जन्मापासून उघडी आणि आता लाल आहे. भाजलं आहे का?

नाही. तुमच्याकडे उघड्या मानेचं पिल्लू आलं आहे. हा गुण आई किंवा बाप एकाकडून आला तरी दिसतो, म्हणून शेजारच्या कोंबड्याची चौकशी करा! एकाकडूनच आला असेल तर मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा छोटा झुपका राहतो. ऊन लागलं की अशी मान जास्त लाल होते, तेही नैसर्गिकच. अंगावर पिसं कमी असल्याने ही कोंबडी उकाडा चांगला सोसते. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने 'हितकारी' ही परसातली जात याच गुणावर तयार केली आहे. पिल्लू जपा.

प्रश्न (पुणे) : मुलीने आठवडी बाजारातून गुलाबी पिल्लू आणलं. लव बाजूला केली तर आतली कातडीही लाल आहे. सारखं चिवचिवतं.

ती लाली रंगाची आहे. अंडी देणाऱ्या जातीचे नर हॅचरीला नको असतात, त्यांनाच रंगवून विकतात. रंग धुवायला जाऊ नका, ओलं झालेलं पिल्लू गारठून मरतं. लव गळून पिसं आली की रंग आपोआप जाईल. ते चिवचिवतंय ते एकटं आणि गारठलेलं आहे म्हणून. खोक्यात ऊब द्या, चुरलेलं स्टार्टर द्या, उथळ बशीत पाणी ठेवून त्यात दोन-चार खडे टाका म्हणजे ते बुडणार नाही. जमलं तर सोबतीला आणखी एक पिल्लू आणा. मुलीला सांगा, हाताळल्यावर दर वेळी साबणाने हात धुवायचे आणि पिल्लाचा पापा घ्यायचा नाही. आणि पुढच्या वेळी रंगीत पिल्लू विकत घेऊ नका. त्या टोपल्यांतली बरीच पिल्लं आठवडा काढत नाहीत, हे मी फार वेळा बघितलं आहे.

प्रश्न (नेवासा) : घरच्या थर्माकोलच्या पेटीत अंडी उबवली. ३ दिवसांच्या पिल्लांची बेंबी लाल, ओली आहे. दोन मेली.

हा बेंबीचा संसर्ग आहे, आणि तो गंभीर आहे. बाहेर पडण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत पिल्लू अंड्यातला बलक पोटात ओढून घेतं आणि बेंबी मिटते. पेटीत उष्णता किंवा ओल जास्त झाली तर ती नीट मिटत नाही, आणि घाणेरड्या अंड्यावरचे जंतू सरळ आत बलकात जातात. पोट फुगून मऊ लागतं, वास येतो. जंतुनाशक आयोडीन कापसाने बेंबीला लावा, पिल्लं उबेत ठेवा आणि आजच पशुवैद्यकांकडे न्या. उरलेल्यांना औषध कोणतं आणि किती, ते त्यांनीच ठरवायचं. खरं सांगायचं तर पोट फुगलेली पिल्लं क्वचितच वाचतात.

एक चूक मात्र कोणीही करू नका. बेंबीवर सुकलेली काळी काडी किंवा खपली दिसते, ती विष्ठा समजून लोक ओढतात आणि आतडं बाहेर येतं. विष्ठा चिकटते ती मागे, शेपटीखालच्या गुदद्वाराशी. बेंबी त्याच्या पुढे, पोटाकडे. गुदद्वाराशी चिकटलेली विष्ठाही ओढायची नाही, कोमट पाण्याच्या फडक्याने भिजवून सोडवायची. ओढली की कातडी सोलते आणि पुन्हा तीच लाली. पुढच्या खेपेला ओल्या फडक्याने पुसलेली अंडी उबवायला लावू नका. ओलाव्याबरोबर घाण कवचाच्या छिद्रांतून आत जाते. स्वच्छ अंडीच निवडा.

प्रश्न (संगमेश्वर) : पिल्लांना पिसवा झाल्या म्हणून सासूबाईंनी रॉकेल चोळलं आणि खुराड्यात चुना टाकला. आता कातडी लाल होऊन फोड आले आहेत.

सासूबाईंचा हेतू चांगला होता, पण पिल्लाची कातडी कागदासारखी असते. रॉकेल तिला भाजतं, आणि ताजा चुना ओल लागली की पोळतो. अंग कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने पटकन धुवा, लगेच कोरडं करून उबेत ठेवा. फोडांवर थेंबभर खोबरेल तेल चालेल. फोड फुटले असतील तर दवाखान्यात न्या. चुना झाडून काढा. भिंतीला चुना मारायचाच असेल तर पिल्लं बाहेर काढून मारा आणि पूर्ण वाळल्यावर आत घ्या.

पिसवांचं काय? रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात जा आणि फळ्यांच्या सांध्यांत बघा. तिथे राखाडी बारीक किडे असतील आणि पांढऱ्या फडक्यावर चिरडल्यावर लाल डाग पडला, तर ते रक्त पिणारे माइट्स. दिवसा ते पिल्लावर सापडत नाहीत, म्हणून पिल्लावर औषध चोळून उपयोग नाही, खुराडंच साफ करावं लागतं. उकळतं पाणी सांध्यांत ओता, फळ्या उन्हात टाका. पिकावर फवारायचं औषध पिल्लांवर कधीही मारू नका. पशुवैद्यकांकडून कोंबड्यांसाठीचं औषध आणि त्याचं प्रमाण लिहून घ्या.

प्रश्न (परभणी) : एका पिल्लाच्या पायावर लाल ठिपके दिसले. बर्ड फ्लू तर नाही ना? मुरुंब्याची आठवण अजून ताजी आहे.

तुमची भीती मी समजू शकते. जानेवारी २०२१ मध्ये मुरुंबा गावात बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या, ते जिल्ह्याने पाहिलं आहे, आणि २००६ मध्ये नवापुरात पहिल्यांदा हा रोग आला तेव्हा मी स्वतः नोकरीत होते. त्या रोगात पायावर लाल डाग येतात हे खरं, पण ते एकटे येत नाहीत. काल धडधाकट असलेल्या कोंबड्या एक-दोन दिवसांत पटापट मरतात, तुरा आणि चोचीखालची लोंबती गलोल निळी पडतात, तोंड सुजतं. एकच पिल्लू आहे, ते खातंय, तीन दिवस झाले आणि बाकीची खेळताहेत, तर बहुतेक वेळा तारेच्या जाळीचं खरचटणं किंवा डासांचे चावे निघतात.

पण कातडी काळपट-लाल, ओलसर झाली, दाबल्यावर आत करकर वाजली, किंवा एका दिवसात दोन-तीन पिल्लं दगावली, तर वाट बघू नका. १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरवर फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मेलेलं पिल्लू घरी कापून बघू नका, ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून उचला, दुसऱ्या पिशवीत बांधा आणि डॉक्टर येईपर्यंत कुत्र्या-मांजरांच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी झाकून ठेवा.