दुसऱ्या ठोक्याला उडणारी काडतुसं: दोष कुठे शोधायचा?

तुमची अडचण मला समजली ती अशी. पिस्तूल ७.६५ मि.मी.चं, म्हणजे .३२चं, छोटं, हॅमर (ठोका देणारा घोडा) असलेलं, डबल ॲक्शन, म्हणजे ट्रिगर दाबला की तोच हॅमर मागे ओढून सोडणारं. काडतुसांची कंपनी बदलली. नव्या ५०च्या खोक्यातली ६ काडतुसं पहिल्या ठोक्याला उडाली नाहीत. त्यातली ४ पुन्हा लावल्यावर उडाली, २ शेवटपर्यंत गेली नाहीत. जुन्या काडतुसांनी हा त्रास कधी दिला नव्हता. आता कोणीतरी सुचवलंय की हॅमरची स्प्रिंग जास्त ताकदीची टाका.

स्प्रिंगला आत्ता हात लावू नका. पण त्याआधी तुमच्या लिहिण्यातल्या एका वाक्याबद्दल बोलतो, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली: ‘बार झाला नाही की मी लगेच स्लाइड ओढून काडतूस बाहेर काढतो.’ (स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग.) कृपा करून हे थांबवा. ट्रिगर दाबला आणि नुसता ‘टक्’ आवाज आला, तर ते काडतूस मेलेलं आहे असं त्या क्षणी धरता येत नाही. प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) पेटलेला असतो पण पुंगळीतली दारू पेटायला उशीर लागतो, असं क्वचित घडतं. त्यालाच हँगफायर म्हणतात. तेवढ्यात काडतूस चेंबरबाहेर (नळीच्या मागच्या टोकाला ते बसतं त्या जागेबाहेर) आलं तर पितळेच्या पुंगळीला कसलाच आधार उरत नाही आणि ती तुमच्या हाताजवळ, डोळ्यांजवळ फुटते. नळीचं तोंड टार्गेटकडेच ठेवा, बोट ट्रिगरवरून काढा आणि निदान ३० सेकंद थांबा. त्यानंतर तोंड न हलवता मॅगझीन काढा, मग स्लाइड ओढा. एजेक्शन पोर्टवर (काडतूस बाहेर पडतं त्या खिडकीवर) तळहात ठेवून काडतूस झेलायची काहींना सवय असते, ती पूर्ण सोडा. पडू द्या खाली.

दुसरी परिस्थिती याहून धोक्याची आहे. ‘टक्’ऐवजी ‘फुस्स’ असा दबका आवाज आला, झटका नेहमीपेक्षा कमी बसला किंवा स्लाइड पूर्ण मागे गेली नाही, तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. प्रायमर उडाला पण दारू नव्हती किंवा पेटलीच नाही, तर असं होतं. नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी चेंबरमधून सुटून नळीत शिरते आणि तिथेच थांबते. यानंतर पुढचा बार काढला तर नळी फुटू शकते. तिथे सराव संपला. पिस्तूल रिकामं करून नळी आरपार मोकळी आहे हे पाहिल्याशिवाय पुढचं काडतूस लावायचं नाही. अडकलेली गोळी दुसऱ्या काडतुसाने ‘ढकलून’ काढायचा विचारही नको. ते काम गन्समिथचं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं.

आता मूळ प्रश्न. तुमच्या ६ काडतुसांत दोन वेगळे आजार असू शकतात, त्यांना एकाच पिशवीत भरू नका. जी ४ दुसऱ्या ठोक्याला उडाली, त्यांचा प्रायमर चांगला होता. त्यातला मसाला जिवंत होता, दारू कोरडी होती. मग पहिल्या ठोक्याची ताकद गेली कुठे? हा एकच प्रश्न धरून चाला, उत्तर बहुधा सापडतं.

प्रायमर म्हणजे धातूची छोटी वाटी, तिच्यात आघाताने पेटणारा मसाला आणि त्यावर बसवलेली बारीक ऐरण. हॅमरचा ठोका बसला की फायरिंग पिन वाटीला आत दाबते, मसाला वाटी आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडला जातो आणि ठिणगी पडते. पण त्यासाठी ऐरणीचे पाय पुंगळीच्या खिशाच्या तळाला घट्ट टेकलेले असावे लागतात. कारखान्यात किंवा घरी भरताना प्रायमर पूर्ण खाली बसला नसेल, तर पहिला ठोका मसाला चिरडण्याऐवजी प्रायमरलाच खाली ढकलतो. सैल फळीत खिळा ठोकताना फळीच मागे सरकते, तसं. दुसऱ्या ठोक्याला प्रायमर आधीच तळाला टेकलेला असतो, म्हणून बार होतो. तुमच्या वर्णनाशी सगळ्यात जास्त जुळणारं कारण हेच आहे, आणि हा दोष काडतुसाचा आहे, पिस्तुलाचा नाही.

तपासायला कसलं अवजार लागत नाही. त्याच खोक्यातली न वापरलेली काडतुसं घ्या, पिस्तूल बाजूला ठेवा, आणि एकेका काडतुसाच्या बुडावरून बोटाचं टोक हळू फिरवा. प्रायमर बुडाशी सपाट किंवा किंचित खाली असायला हवा. बोटाला उंचवटा लागला तर ते काडतूस वेगळं काढा. नजरेला हा फरक सहसा दिसत नाही, बोटाला मात्र लगेच कळतो. खात्री करायची असेल तर स्टीलच्या पट्टीची कड बुडावर आडवी धरून उजेडात पाहा: पट्टी डुगडुगली तर प्रायमर वर आहे. वर आलेला प्रायमर दाबून बसवायचा प्रयत्न भरलेल्या काडतुसावर कधीही करायचा नाही.

सगळे प्रायमर नीट बसलेले निघाले तर पुढचा संशय वाटीच्या कडकपणावर. सगळ्या कंपन्यांच्या वाट्या सारख्या मऊ नसतात. मोठ्या पिस्तुलात हा फरक जाणवत नाही, कारण तिथे हॅमर जड आणि त्याचा प्रवास लांब असतो. खिशात मावणाऱ्या पिस्तुलात सगळंच आखूड, ठोक्याची ताकद मोजून मापून दिलेली. मऊ प्रायमरवर ते वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतं आणि कडक प्रायमर आला की अडखळतं. ही काडतुसं कोणी पुन्हा भरलेली असतील तर आणखी एक गोष्ट विचारा: प्रायमर पिस्तुलाचेच वापरलेत ना? स्मॉल पिस्टल आणि स्मॉल रायफल प्रायमर दोन्हींचा व्यास साधारण ४.४५ मि.मी.च असतो, ते एकमेकांच्या खिशात निमूट बसतात. पण रायफलची वाटी जास्त दाब सहन करण्यासाठी कडक केलेली असते. छोट्या पिस्तुलाची पिन तिच्यावर ठसा उमटवते, बार मात्र काढेलच असं नाही.

ठशावरून बरंच कळतं, पण तो वाचताना जवळपास सगळे एक चूक करतात: न उडालेल्या काडतुसावरचा ठसा उडालेल्या पुंगळीशी ताडून पाहतात. बार झाल्यावर आतल्या दाबाने प्रायमर मागे ढकलला जातो, सपाट होतो, पिनभोवती धातू दाबला जातो. तो ठसा पिनच्या ताकदीचा राहिलेला नसतो. न उडालेल्याची तुलना न उडालेल्याशीच करा. ती २ काडतुसं, जी कधीच गेली नाहीत, जपून ठेवली असतील तर भिंगाखाली शेजारी शेजारी धरा. ठसा खोल, स्वच्छ, मधोमध असेल आणि तरी बार झाला नसेल तर पिस्तुलाने त्याचं काम केलेलं आहे, प्रायमर मेलेला आहे. ठसा उथळ असेल, नुसती टिकली टेकल्यासारखा, तर ठोकाच अपुरा पोचला. ठसा अजिबात नसेल तर काडतुसाचा विषयच नाही: पिन तुटली आहे, अडकली आहे किंवा सेफ्टी पूर्ण सुटलेली नाही.

मध्यापासून सरकलेला ठसा पाहून काही जण सांगतात की स्लाइड पूर्ण मिटली नव्हती. बार होताना नळी कलणाऱ्या पिस्तुलांत ते खरं असू शकतं. तुमच्यासारख्या स्थिर नळीच्या, साध्या ब्लोबॅक (स्लाइडला कुलूप नसून ती फक्त वजनाने आणि स्प्रिंगने धरलेली असते अशा) पिस्तुलात स्लाइड थोडी मागे राहिली तरी ठसा जवळपास मधोमधच पडतो, त्यामुळे त्यावरून निष्कर्ष काढू नका. इथे दुसरी खूण पाहायची. न उडालेलं काडतूस नेहमी मॅगझीनमधलं पहिलंच असतं का? तसं असेल तर तुम्ही स्लाइड हाताने धरून हळूच पुढे सोडता का ते आठवा. स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडून द्यायची, बाकी काम तिच्या स्प्रिंगचं. हाताने सोबत नेली की ती शेवटचा केसभर टप्पा राखून थांबते, आणि हॅमरची बरीचशी ताकद स्लाइडला पुढे ढकलण्यातच खर्च होते. दुसऱ्या ठोक्याच्या वेळी स्लाइड मिटलेली असते, बार होतो, आणि बिचाऱ्या काडतुसावर आळ येतो.

पहिल्या बाराच्या बाबतीत अजून एक शक्यता आहे. बऱ्याच डबल ॲक्शन पिस्तुलांत ट्रिगरने ओढलेला हॅमर पूर्ण मागे जायच्या आतच सुटतो. सिंगल ॲक्शनमध्ये, म्हणजे हॅमर आधीच मागे अडकवलेला असताना, तो थोडा जास्त मागून येतो. म्हणजे एकाच पिस्तुलाचे दोन ठोके सारखे नसतात. डबल ॲक्शनमध्ये अडणारी काडतुसं हॅमर हाताने मागे ओढल्यावर उडत असतील तर ठोका सीमारेषेवर आहे. मग कडक प्रायमर आणि थकलेली स्प्रिंग दोघेही थोडे थोडे दोषी असू शकतात.

चेंबरकडे लक्ष द्या, विशेषतः .३२मध्ये. हे काडतूस जॉन ब्राउनिंग यांनी १८९९च्या सुमारास बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या पिस्तुलासाठी बनवलं. त्याच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते आणि काडतूस त्या कडेवर टेकून आपली जागा घेतं. .३८०मध्ये हे काम पुंगळीचं तोंड करतं. त्यामुळे .३२मध्ये कडेच्या खाचेत काजळी, पितळेचा कीस किंवा वाळलेलं तेल साचलं की काडतूस पूर्ण आत जात नाही आणि पहिला ठोका त्याला पुढे सरकवण्यात जातो. चेंबरच्या ब्रशने ती खाच खरवडून काढा, नुसतं फडकं फिरवून भागत नाही. याच कडेमुळे मॅगझीनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकते, आखूड गोळीच्या काडतुसांत जास्त. पण ते फीडिंगचं (काडतूस चेंबरमध्ये चढण्याचं) लफडं आहे, मिसफायर (ठोका बसूनही बार न होणं) नव्हे. दोन्ही एकत्र सांगितले की उत्तरं भलतीच मिळतात.

तेलाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे, कारण छोट्या पिस्तुलांची निम्मी दुखणी मला तिथेच सापडली आहेत. फायरिंग पिनच्या नळीत तेल सोडू नका. ते धूळ आणि काजळी धरून चिकट होतं, थंडीत आणखी घट्ट होतं आणि पिनचा वेग मारतं. ती जागा स्वच्छ आणि जवळजवळ कोरडी हवी. भरलेल्या मॅगझीनवर स्प्रे मारणं तर दुहेरी नुकसान आहे: झिरपणारं तेल प्रायमरच्या कडेने आत जाऊन मसाला निकामी करू शकतं. तुमची ती दोन कायमची मेलेली काडतुसं मॅगझीनमध्ये बराच काळ भरून ठेवलेली होती का, हे नक्की आठवून पाहा. तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये चढवणं-उतरवणंही टाळा. रॅम्पवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) आपटून गोळी पुंगळीत मागे सरकते, आणि एवढ्याशा पुंगळीत ती थोडी जरी मागे गेली तरी दाब बराच वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून लांबी कमी दिसली तर ते वापरू नका.

.२२ असलेल्यांसाठी थोडक्यात, कारण हाच प्रश्न त्यांनाही पडतो. तिथे वेगळा प्रायमर नसतो, मसाला पुंगळीच्या पोकळ कडेत फिरवून भरलेला असतो. तो एखाद्या ठिकाणी पोचला नसेल आणि पिन नेमकी तिथेच पडली तर बार होत नाही. ३० सेकंद थांबून, काडतूस काढून, थोडं फिरवून पुन्हा लावलं आणि उडालं, तर बहुधा तेच कारण. पण ठसा उथळ दिसला तर चेंबर पाहा. .२२च्या गोळीवरचं मेण आणि शिसं चेंबरच्या पुढच्या भागात साचून काडतूस अडवतं. रिकाम्या चेंबरवर वारंवार ट्रिगर दाबल्याने चेंबरच्या काठाला ठेच लागलेली असेल तरीही काडतूस नीट टेकत नाही.

आता तुम्ही काय करावं. पिस्तूल नीट साफ करा, खाच आणि पिनची नळी विशेष. मग जुन्या कंपनीची आणि नव्या कंपनीची काडतुसं एकाच दिवशी, एकाच मॅगझीनमधून, आलटून पालटून चालवा आणि प्रत्येक मिसफायर मॅगझीनमधलं कितवं होतं, सिंगल की डबल, ठसा कसा, हे लिहून ठेवा. जमलं तर नव्या खोक्यातली काही काडतुसं त्याच कॅलिबरच्या दुसऱ्या चांगल्या पिस्तुलातूनही चालवून बघायला द्या. दोन्हींत अडली तर खोका परत करा. तुमच्याच पिस्तुलात आणि दोन्ही कंपन्यांची अडली, तर गन्समिथ गाठा आणि स्प्रिंग मूळ ताकदीची नवी टाकून घ्या. जास्त ताकदीची नको: ट्रिगर जड होतो, स्लाइड ओढायला त्रास होतो, पिन प्रायमर भोसकू लागते आणि मूळ दोष तसाच झाकून राहतो. पिस्तूल जुनं घेतलेलं असेल तर आधीच्या मालकाने ट्रिगर हलका करायला कमी ताकदीची स्प्रिंग टाकली होती का, तेही पाहून घ्या. हे मी अनेकदा पाहिलंय.

एखादं काडतूस एकदाच पुन्हा लावून पाहायला हरकत नाही, तेही थांबून, पाहून आणि पहिल्या वेळी ‘टक्’खेरीज काहीच आवाज आला नसेल तर. त्यातही गेलं नाही तर ते रेंजवरच्या निकामी काडतुसांच्या डब्यात. कचऱ्यात नाही, पक्कडीने उघडून नाही, पाण्यात बुडवून ‘मेलं’ असं समजून तर नाहीच.

काडतुसं खोक्यातून काढून डब्यात ओतली नसतील तर खोक्याच्या झाकणावर किंवा आतल्या पट्टीवर लॉट नंबर छापलेला असेल. विक्रेत्याशी बोलताना तोच लागतो, काडतुसं मात्र टपालाने पाठवू नका. इथे त्या दोन न उडालेल्या काडतुसांच्या बुडांचा जवळून घेतलेला फोटो टाका, उजेड तिरका ठेवा म्हणजे ठशाची खोली दिसेल, आणि स्प्रिंग मूळचीच आहे का तेही लिहा.