आवाज वाढवल्यावरच परत येणारा स्पीकर

प्रश्न : आम्ही कोपरखैरण्याला, खाडीच्या बाजूला राहतो. होम थिएटरचा 5.1 रिसिव्हर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर) पंधरा वर्षांचा आहे, टीव्हीला ऑप्टिकल वायरने जोडलाय. पुढचा उजवा स्पीकर मधूनच बंद पडतो आणि आवाज बराच वाढवला की एकदम परत येतो. शिवाय कधी कधी सगळेच स्पीकर सेकंद-दोन सेकंद गप्प होतात. दुरुस्तीवाले म्हणतात बोर्ड गेलाय, नवीन घ्या. खरंच टाकून द्यायचा का?

उत्तर : अजिबात नाही. तुमच्याकडे दोन वेगवेगळे बिघाड दिसतात. ते एकच समजल्यामुळे बोर्डावर आळ आलाय.

आधी एकट्या उजव्या स्पीकरचं बघू. रिसिव्हर चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून ‘टक्’ असा आवाज येतो, तो स्पीकर रिलेचा, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या विजेच्या स्विचचा. स्पीकरकडे जाणारा सगळा करंट या रिलेच्या चांदीमिश्रित टोकांतून जातो. ओहोटीला खाडीकडून जो कुजका वास येतो त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याने चांदीवर काळा थर चढतो, जसा देवाच्या चांदीच्या भांड्यांवर चढतो तसाच. हळू आवाजातला क्षीण करंट त्या थरातून जात नाही. आवाज वाढवला की व्होल्टेज थर भेदतं आणि स्पीकर जागा होतो. म्हणून ‘वाढवल्यावर परत येतो’ हे तुमचं वाक्य आम्हाला सगळ्यांत मोलाचं वाटलं.

खात्री अशी करा. रिसिव्हर बंद करून मागच्या बाजूला पुढच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी आपसांत बदला. आता डावा स्पीकर बंद पडू लागला तर दोष रिसिव्हरमध्ये आहे. उजवाच गप्प राहिला तर वायर किंवा स्पीकर तपासा. वायरची टोकं काळी-हिरवी पडली असतील तर इंचभर कापून चकचकीत तांबं लागेपर्यंत सोला, मगच पुन्हा आवळा. दुसरी परीक्षा हेडफोनची. बहुतेक जुन्या रिसिव्हरमध्ये हेडफोनचा आवाज स्पीकर रिलेतून जात नाही. हेडफोनवर दोन्ही कान नीट वाजत असतील तर रिलेवरचा संशय पक्का. पुढे ‘स्पीकर ए’ बटण असेल तर आवाज शून्यावर ठेवून ते वीसेक वेळा चालू-बंद करा. टोकं घासली जाऊन काही दिवस आराम पडतो, पण तो तात्पुरता.

कायमचा उपाय म्हणजे रिले बदलणं. रिलेच्या टोपीवर कॉइलचं व्होल्टेज (12 किंवा 24 व्होल्ट डीसी) आणि टोकांची करंटक्षमता छापलेली असते. तोच आकडा, तीच पिनांची मांडणी बघून नवा घ्या. लॅमिंग्टन रोडला जुना रिले दाखवून जोडीचा शोधता येतो. टोपी उघडून टोकं पॉलिश पेपरने घासायचा मोह टाळा. वरचा मुलामा निघतो आणि काही महिन्यांत अवस्था आधीपेक्षा वाईट होते. आणि कृपया एवढं मनावर घ्या : प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) 50-60 व्होल्टचा चार्ज उरलेला असू शकतो. मीटर लावून 5 व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत हात घालू नका. सोल्डरिंगची सवय नसेल तर हे काम कारागिरालाच द्या, पण ‘बोर्ड नको, फक्त रिले बदला’ असं सांगून.

आता सगळे स्पीकर एकदम गप्प होण्याबद्दल. पुढच्या वेळी आवाज गेला की रिसिव्हरच्या डिस्प्लेकडे बघा. डॉल्बी डिजिटलचं (सराउंड आवाज पाठवायच्या एका पद्धतीचं) चिन्ह त्याच क्षणी विझलं तर सिग्नलच पोचलेला नाही, म्हणजे टीव्ही किंवा वायर बघायची. चिन्ह तसंच असून आवाज गेला तर दोष आतला. ऑप्टिकल वायरमधून डॉल्बी डिजिटल आणि तशीच दुसरी पद्धत डीटीएस जातं, पण आजच्या बऱ्याच स्ट्रीमिंग अ‍ॅपचं डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही. टीव्हीला ते आधी साध्या डॉल्बीत उतरवावं लागतं. टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट ‘ऑटो’ किंवा ‘पासथ्रू’वर असेल तर ‘डॉल्बी डिजिटल’ निवडा. ‘पीसीएम’वर (न दाबलेल्या साध्या डिजिटल आवाजावर) ठेवलंत तर आवाज तुटणार नाही कदाचित, पण ऑप्टिकलने दोनच चॅनल मिळतील आणि सराउंडची गंमतच जाईल. वायर कपाटामागे चेपून काटकोनात दुमडलेली असेल तर मोकळी करा; गोलाई इंचभर तरी हवी. सेट-टॉप बॉक्सवर जाहिरात लागताना क्षणभर आवाज जात असेल, तर तो बिघाड नाही. कार्यक्रम 5.1 मध्ये, जाहिरात स्टीरिओत असली की रिसिव्हरला डीकोडर बदलायला तेवढा वेळ लागतो.

प्रश्न : घोडबंदर रोडला राहतो. पंख्याचं बटण बंद केलं की चित्र आणि आवाज दोन्ही दोन सेकंद जातात. टीव्ही आणि रिसिव्हर एचडीएमआयने जोडलेत.

उत्तर : बटणातल्या झिजलेल्या टोकांत ठिणगी पडते आणि तिचा झटका एचडीएमआय वायर पकडते. दोन्ही उपकरणं मग नव्याने एकमेकांशी जुळवून घेतात, म्हणून ते दोन सेकंद. पहिलं काम ते बटण बदला, मग पाच मीटरची वायर असेल तर दीड-दोन मीटरची चांगली शील्ड असलेली लावा. रिसिव्हर आणि टीव्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर ठेवा. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेजही मोजून घ्या. ते 2-3 व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायरिंग आधी दुरुस्त करून घ्यायला हवं, सिनेमा नंतर.

प्रश्न : तासाभराने रिसिव्हर आपोआप ‘प्रोटेक्ट’ दाखवून बंद होतो. (वाशी)

उत्तर : ‘प्रोटेक्ट’ म्हणजे जास्त तापला किंवा शॉर्ट झाला की रिसिव्हर स्वतःला वाचवायला बंद होतो. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात असेल तर बाहेर काढा, वर चार इंच मोकळी जागा ठेवा, जाळीवरची धूळ ब्रशने काढा. तरीही बंद झाला तर मागच्या स्पीकर टर्मिनलवर टॉर्च मारा. वायरचा एखादा सुटलेला तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकलेला असू शकतो.