पार्क विकलं गेलं, आता माझ्या घराचं काय?

प्रश्न: वकीलबाई, मी सॅन होझेत मोबाइल होम पार्कमध्ये राहते, म्हणजे घर आपलं, खालची जागा पार्कची, भाड्याची. २०११ साली आम्ही दोघांनी साठवलेल्या पैशांतून १ लाख १० हजार डॉलरना डबल-वाइड, म्हणजे दोन भाग जोडून केलेलं घर घेतलं. मिस्टर तीन वर्षांपूर्वी गेले. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी दारावर चिकटपट्टीनं लावलेला कागद दिसला : पार्क एका कंपनीनं विकत घेतलंय, पुढच्या महिन्यापासून भाडं त्यांच्या नावे. सोबत दहा वर्षांचं नवं लीज, पंधरा पानी. मॅनेजरबाई म्हणतात, ३० तारखेच्या आत सही केली नाहीत तर भाडं कुठे जाईल सांगता येत नाही. शेजारी म्हणतात, इथे अपार्टमेंट होणार, सहा महिन्यांत सगळे बाहेर. मुलगा सिअ‍ॅटलला असतो. तो म्हणतो, मिळेल त्या भावाला विक आणि इकडे ये. माझं वय ६४, जागेचं भाडं सध्या १,१९० डॉलर. मला इथून हलायचं नाही. पार्क विकल्यावर आमचा हक्क संपतो का?
— नाव छापू नये, सॅन होझे

उत्तर: ताई, ते पंधरा पानी लीज आधी खणात ठेवा. सही करू नका, फाडूनही टाकू नका. दारावरचा कागद आणि त्याची तारीखही जपून ठेवा.

तुमचा हक्क संपत नाही. कॅलिफोर्नियात तुमच्यासारख्यांसाठी स्वतंत्र कायदा आहे, मोबाइलहोम रेसिडेन्सी लॉ. रहिवाशाला काढण्याची मोजून सात कारणं त्यात दिली आहेत : भाडं थकवणं, पार्कचे नियम मोडणं, सरकारी नियम न पाळणं, शेजाऱ्यांना उपद्रव, काही ठरावीक गुन्हे, सरकारनं जागा ताब्यात घेणं आणि जागेचा वापर बदलणं. पार्क विकलं गेलं हे कारण त्या सातांत नाही. नवा मालक जुन्याच्या खुर्चीत बसतो, एवढंच. तुमचा जुना करार त्यालाही लागू.

आता त्या दहा वर्षांच्या लीजबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण याच कागदानं आम्हाला एकदा बुडवलं होतं. १९९७ साली मी वकील नव्हते. नवरा नुकताच नोकरीला लागला होता आणि आम्ही सॅन होझेतच एका पार्कात सिंगल-वाइड घेऊन राहत होतो. पार्कचा मालक बदलला. त्याचा माणूस संध्याकाळी घरोघर फिरला आणि आम्ही गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून पाच वर्षांच्या लीजवर सह्या केल्या, वर त्याला चहाही पाजला. तेव्हाच्या कायद्यात एक भोक होतं : बारा महिन्यांहून लांब लीज घेतलं की ठरावीक अटींवर तुम्ही शहराच्या भाडेनियंत्रणातून बाहेर. शेजारच्या आजींनी सही केली नव्हती. दोन वर्षांनी त्यांचं भाडं आमच्यापेक्षा कितीतरी कमी होतं आणि आम्ही घर विकायला काढलं.

ते भोक २०२० च्या कायद्यानं बुजवलं. १३ फेब्रुवारी २०२० नंतर केलेल्या लांब लीजमुळे भाडेनियंत्रण सुटत नाही. पण घाई करणारे मॅनेजर काही बुजले नाहीत. तुम्हाला बारा महिन्यांचा किंवा त्याहून कमी मुदतीचा करार मागण्याचा हक्क आहे, आणि पहिल्या बारा महिन्यांचं भाडं व अटी लांब लीजवाल्याला देतात त्याच तुम्हालाही द्याव्या लागतात. 'अमुक हक्क मी सोडते' असं एखादं वाक्य त्या पंधरा पानांत दडलेलं असेल, तर या कायद्यानं दिलेला हक्क तसा सोडता येत नाही.

भाडं वाढवायचं तर नव्वद दिवस आधी लेखी नोटीस लागते. किती वाढवायचं यावर राज्यभर लागू होईल अशी मर्यादा नाही, ते शहरावर अवलंबून. तुमचं नशीब की तुम्ही सॅन होझेत आहात. इथे १९७९ च्या आधीपासूनच्या जागांना वर्षाला महागाई निर्देशांक जितका वाढेल त्याच्या पाऊण पट वाढ चालते, तीही किमान ३ आणि कमाल ७ टक्के. तुमच्या १,१९० वर ७ टक्के म्हणजे ८३ डॉलर आणि काही सेंट. याहून जास्त हवं असेल तर मालकाला शहराकडे अर्ज करावा लागतो आणि तिथे तुमचं म्हणणं ऐकलं जातं. मॅनेजरबाईंच्या 'कुठे जाईल सांगता येत नाही'ला हे उत्तर.

शेजाऱ्यांच्या 'सहा महिन्यां'त थोडं तथ्य आहे, म्हणून ती भीती पसरते. मालकाला पार्क बंद करून दुसरं काही बांधायचं असेल तर आधी नगरपालिकेत सुनावणी, आणि तिची सूचना तुम्हाला साठ दिवस आधी. त्याआधी त्याला अहवाल द्यावा लागतो : इथली माणसं कुठे जाणार, आसपासच्या पार्कांत जागा आहे का, हलवायला खर्च किती. सगळ्या परवानग्या मिळाल्या की मग सहा महिन्यांची नोटीस. म्हणजे घड्याळ सहा महिन्यांचं खरं, पण ते शेवटी सुरू होतं. सॅन होझेनं तर २०२० मध्ये काही पार्कांच्या जमिनीला नगररचनेच्या नकाशात 'मोबाइल होम पार्क' असंच आरक्षण दिलं. तुमचं पार्क त्यात आहे का, हे शहराच्या नियोजन खात्यात विचारा.

आणि समजा, तेही झालंच. २०२१ पासून लागू असलेल्या नियमानुसार, विस्थापित रहिवाशाला दुसऱ्या पार्कात योग्य घर मिळत नसेल तर मालकानं त्याच्या घराची जागेवरची बाजारकिंमत द्यायची. 'जागेवरची' हा शब्द सोन्याचा आहे. या घरांना मोबाइल म्हणायचं ते नावापुरतं. आमच्या सिंगल-वाइडखाली एकदा मांजर शिरलं होतं, त्याला काढायला मी कडेचा पत्रा सरकवून टॉर्च घेऊन आत गेले. चाकं केव्हाच काढलेली, गंजलेले आस तेवढे उरलेले, आणि सगळं घर लोखंडी ठोकळ्यांवर उभं. तुमचं डबल-वाइड हलवायचं तर मधोमध दोन तुकडे करून न्यावं लागेल, आणि जुनं घर दुसरं पार्क सहसा घेतही नाही. उचलून नेलं तर भंगार, उभं असलं तर लाखाच्या वर, असा हा माल आहे. मुलाला हे सांगा. विकायचंच ठरवलंत तरी जागेवरच विका. गिऱ्हाईक आल्यावर पार्कनं कामाच्या पंधरा दिवसांत हो-नाही कळवायचं, आणि 'नाही' म्हणायला त्याची भाडं भरण्याची ऐपत किंवा आधीच्या ठिकाणचं वर्तन, एवढीच कारणं चालतात.

पालो आल्टोचं बुएना व्हिस्टा पार्क तुम्ही एल कॅमिनो रस्त्यावरून जाताना पाहिलं असेल. मालकानं ते बंद करण्याचा अर्ज २०१२ साली केला. सुमारे चारशे माणसं राहत होती. पाच वर्षं भांडण चाललं आणि २०१७ मध्ये सांता क्लारा काउंटीच्या गृहनिर्माण प्राधिकरणानं ४ कोटी डॉलरहून जास्त मोजून ते पार्कच विकत घेतलं. दर वेळी असं होईल, असा भरवसा मी देणार नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक गोष्ट तुमच्या हातून गेली आहे. पार्क विकायला काढण्याआधी मालकानं रहिवाशांच्या संघटनेला किमान तीस दिवस आधी कळवायचं असतं. मात्र ती संघटना पार्क विकत घेण्याच्या उद्देशानं रीतसर स्थापन झालेली हवी आणि तिनं पदाधिकाऱ्यांची नावं-पत्ते मालकाला आधी लेखी दिलेले हवेत, दर वर्षी. तुमच्याकडे भिशी आहे, दिवाळी आहे, ही संघटना नसावी. नोटीस मिळाली असती तरी मालकानं तुम्हालाच विकावं अशी सक्ती कॅलिफोर्नियात नाही. गोव्याच्या वाचकांना याचं नवल वाटेल. तिथे घर मुंडकाराचं म्हणजे राहणाऱ्याचं, जमीन भाटकाराची म्हणजे जमीनमालकाची, आणि १९७५ च्या कायद्यानं मुंडकाराला घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्क दिलाय.

आता उद्याचं काम. घराच्या दर्शनी बाजूला गाडीच्या नंबरासारखी एक पट्टी चिकटवलेली असेल. तो नंबर घेऊन राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडून मालकीच्या नोंदीचा उतारा मागवा. माझी शंका अशी की तिथे अजून मिस्टरांचंच नाव असणार. दहांतल्या सहा-सात जणींच्या बाबतीत मी हेच पाहिलंय. भाडं तुम्ही भरता, चेक तुमचे, पण भरपाईची वेळ आली की कागदावरचं नाव पाहतात. प्रोबेटशिवाय, म्हणजे कोर्टात वारसा सिद्ध न करता, नाव बदलण्याचा अर्ज असतो, त्याला मृत्यूचा दाखला जोडायचा. आणि मॅनेजरबाईंनी फारच त्रास दिला तर याच खात्याकडे तक्रार करता येते. त्यासाठी दर वर्षी दहा डॉलरची फी आहे, ती बहुधा तुमच्या भाड्याच्या बिलात लागलेली असेल. शोधून पाहा.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत अशाच पार्कात आहोत. आमच्याकडेही हेच नियम का?
— एक वाचक

उत्तर: नाही, आणि तुमचे या बाबतीत बरे आहेत. न्यू जर्सीत मालकाला बाहेरच्याकडून देकार आला, तर त्याच किमतीला आणि अटींना पार्क घेण्याची पहिली संधी घरमालकांच्या संघटनेला मिळते. न्यू हॅम्पशायरमध्ये विक्रीआधी साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि तिथल्या मेरेडिथ गावात १९८४ साली तेरा कुटुंबांनी सहकारी संस्था काढून आपलं पार्क विकत घेतलं होतं. पण संधी संघटनेला मिळते, एकट्या-दुकट्याला नाही. तुमच्याकडे ती नोंदवलेली आहे का, ते पत्रात लिहिलेलं नाही. पुढच्या पत्रात कळवा, म्हणजे बाकीचं सांगते.