शाळेत एड्सचा तास झाला आणि मुलगा घाबरून बसला

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या आईवडिलांपुढे एचआयव्ही-एड्सचा विषय काढला की दोनपैकी एक उत्तर हमखास येतं. ‘त्याला काय कळणार?’ किंवा ‘नको त्या गोष्टी त्याच्या डोक्यात कशाला घालायच्या?’ ही दोन्ही उत्तरं एकाच माणसाने एका दमात दिलेलीही मी ऐकली आहेत. काहीच कळणार नसेल तर डोक्यात काय जाणार, असा प्रश्न माझ्या जिभेवर येतो, पण मी तो विचारत नाही. आईवडिलांची भीती खरी असते आणि तिला वादात हरवून काही साधत नाही.

आज सांगते आहे ती गोष्ट अशाच एका घराची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलाला त्याची धाकटी बहीण दादा म्हणते, आपणही दादाच म्हणू.

दादा सतरा वर्षांचा, विशेष शाळेच्या व्यवसाय प्रशिक्षण विभागात जाणारा. बोलतो छोट्या छोट्या वाक्यांत. घड्याळ कळत नाही, पण कशानंतर काय करायचं हे पक्कं ठाऊक असतं. शाळेत बाहेरून कुणीतरी येऊन एड्सवर बोलून गेलं. भिंतीवर कवटीचं चित्र होतं, लाल थेंब होते, आणि सांगणं साधारण असं होतं: रक्तातून एचआयव्ही होतो, एचआयव्हीमुळे एड्स होतो, एड्स झाला की माणूस मरतो. पुढे एके दिवशी दादा पडला, गुडघा फुटला. रक्त बघून त्याने असा आकांत मांडला की कुणाला जवळ येऊ देईना. बहिणीला तर ढकलूनच दिलं. त्यानंतर स्वतःचा पेला वेगळा ठेवायला लागला आणि त्वचा सोलवटेपर्यंत हात धुवायला लागला.

“शिकवलंच नसतं तर बरं झालं असतं, मॅडम,” आई म्हणाली. वडील गप्प होते, मग म्हणाले, “आणि याचं लग्न थोडंच होणार आहे? मग हवंय कशाला?”

मी आधी दादाशी बसले. शब्दांत विचारून उपयोग नव्हता. यातल्या बऱ्याच मुलांना ‘समजलं का?’ विचारलं की ती ‘हो’च म्हणतात, कारण ‘हो’ म्हटल्यावर मोठी माणसं खूश होतात हे ती फार लवकर शिकलेली असतात. म्हणून चित्रं ठेवली, बाहुला ठेवला आणि ‘दाखव’ म्हटलं. एचआयव्ही कुठे असतो, दाखव. दादाने बाहुल्याच्या गुडघ्यावर बोट ठेवलं. मग स्वतःच्या.

तो चुकला कुठे? रक्तातून एचआयव्ही होतो. माझ्या गुडघ्यातून रक्त आलं. म्हणजे मला एचआयव्ही झाला, म्हणजे मी मरणार, आणि मला हात लावला तर ताईसुद्धा मरणार. (बहिणीला तो लाडाने ताई म्हणतो.) हातात दिलेली तीन वाक्यं त्याने प्रामाणिकपणे एकाला एक जोडली होती. ज्याच्या शरीरात हा विषाणू आधीपासून आहे त्याचंच रक्त, आणि तेही दुसऱ्याच्या रक्तात पोचलं तरच, हा भाग कुणी सांगितला नव्हता किंवा सांगून घाईत निसटला होता.

अशा मुलांना शिकवताना उपमा आणि रूपकं जवळपास वर्ज्यच समजावीत असं माझं मत आहे. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीरातले सैनिक, हे सांगताना आपल्याला गोड वाटतं, पण मूल त्या सैनिकांच्या बंदुका शोधत बसतं. निरोध वापरायचं प्रात्यक्षिक फळावर किंवा काठीवर केलं तर शिकणारा घरी जाऊन फळालाच निरोध घालील आणि आपलं काम झालं म्हणून निश्चिंत होईल. यात हसण्यासारखं काही नाही. त्याला दाखवलं तेच त्याने केलं.

भीती दाखवणारी चित्रं तर पहिल्यांदा उतरवायला हवीत. त्यातून मुलांना वाटतं की एचआयव्ही असलेला माणूस बघूनच ओळखू येतो, आणि तो भयंकर दिसतो. प्रत्यक्षात नुसतं बघून काहीच कळत नाही, वर्षानुवर्षं कळत नाही. ते कळतं चाचणीतूनच. शिवाय त्याच वर्गात जन्मापासून एचआयव्ही घेऊन जगणारं, रोज गोळ्या घेणारं एखादं मूल बसलेलं असू शकतं. ‘एड्स झाला की मरतो’ हे वाक्य त्याच्या कानांवर पडल्यावर ते त्या गोळ्यांकडे कसं बघेल? १९९६ पासून अनेक औषधं एकत्र देण्याचे उपचार आले आणि चित्र पालटलं. नियमित औषध घेणारा माणूस दीर्घायुषी होऊ शकतो, आणि रक्तातलं विषाणूचं प्रमाण चाचणीत सापडू नये इतकं खाली जाऊन तिथेच टिकलं तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. दादासाठी याचं वाक्य झालं: ‘औषध आहे. डॉक्टर देतात. माणूस कामाला जातो.’

मग आम्ही चित्रांचे दोन गठ्ठे केले. हस्तांदोलन, मिठी, एकाच पेल्यातून पाणी, खोकला, डास चावणं, एकच शौचालय: यातून एचआयव्ही लागत नाही, ही चित्रं हिरव्या कागदावर. दुसऱ्याने वापरलेली सुई, दुसऱ्याच्या जखमेला उघडा हात, निरोधाशिवाय शरीरसंबंध: ही लाल कागदावर. दर वेळी चित्रांचा क्रम बदलायचा, नाहीतर मुलं चित्र न बघता क्रमच पाठ करतात. पुढची पायरी म्हणजे चित्रं बाजूला ठेवून खरा पेला, खरी पट्टी, खरे हातमोजे घ्यायचे. कागदावर बरोबर सांगणारा मुलगा न्हाणीघरात दुसऱ्याचा वस्तरा उचलू शकतो. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप जात नाही, ते तिथे पुन्हा शिकवावं लागतं. स्वतःच्या जखमेचं चित्र मात्र मी वेगळं ठेवलं. ‘माझं रक्त. धुवायचं. पट्टी लावायची. मोठ्यांना सांगायचं.’

लग्नाच्या प्रश्नाचं उत्तर एकट्या वडिलांनाच दिलं, कारण ते आईसमोर सांगायला जड होतं. विषाणूचा धोका फक्त लग्नातून येतो असं आपण धरून चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला एक आढावा २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तो श्रीमंत देशांतल्या अभ्यासांवर आधारलेला आहे, पण त्यातले आकडे कुठल्याही पालकाने ऐकावेत असे आहेत. अपंगत्व असलेल्या मुलांवर कोणत्या ना कोणत्या प्रकारची हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट दिसली. मानसिक किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबाबत लैंगिक अत्याचाराची शक्यता ४.६ पट. आणि असं करणारा माणूस पुष्कळदा ओळखीचा असतो: ने-आण करणारा, सांभाळणारा, घरी येणारा. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “मुलग्यांनाही?” हो, मुलग्यांनाही.

शिकवल्याने मुलं ‘करून बघतात’ ही भीतीही त्यांनी बोलून दाखवली. युनेस्कोच्या लैंगिकता शिक्षणाच्या मार्गदर्शक सूचना २०१८ साली सुधारून आल्या, तेव्हा उपलब्ध अभ्यास पुन्हा तपासले गेले. वयाला साजेसं शिक्षण दिल्याने लैंगिक वर्तन वाढतं असं त्यात आढळलं नाही.

आता माझ्या मते जे सगळ्यांत महत्त्वाचं आहे ते. विशेष मुलांना एचआयव्हीपासून वाचवायचं असेल तर सुरुवात विषाणूपासून करू नये, ‘नको’ या शब्दापासून करावी. या मुलांना आपण वर्षानुवर्षं काय शिकवतो? सांगितलं की ऐकायचं. बस म्हटलं की बस. पाहुण्यांना हात दे, गालाला हात लावू दे, कपडे काढ म्हटलं की काढ. आंघोळ, शौच, कपडे यांत कुणी ना कुणी त्याच्या अंगाला हात लावतच असतं, न विचारता. असं मूल गुणी म्हणून वाखाणलं जातं. आणि उद्या कुणी भलता माणूस कपडे काढ म्हणाला, तर ते गुणी मूल कपडे काढतं. विषाणूचं नाव, त्याचा आकार, सगळे मार्ग तोंडपाठ असले तरी त्या क्षणी त्यांतलं काही कामाला येत नाही.

म्हणून आम्ही अवयवांची खरी नावं घेतली, लाडाची नाहीत. खासगी म्हणजे काय ते ठरवलं: दार लावलेलं, एकटा, पडदा ओढलेला. आईने खालच्या आवाजात सांगितलं की तो बैठकीच्या खोलीत सगळ्यांदेखत लिंगाला हात लावतो, आम्ही मारून पाहिलं. मारल्याने तो एवढंच शिकतो की या अवयवाबद्दल बोललं की मार मिळतो. मग त्या अवयवाला दुसऱ्या कुणी हात लावला तर तो सांगायला येईल का? जागा बदलायची, शब्द एकच ठेवायचा: ‘खोलीत. दार लावून.’ काही आठवड्यांत ते बरंचसं जमलं.

‘नको’चा सराव मात्र घराला महागात पडला. दादाला कळलं की नको म्हणता येतं, आणि त्याने तो अधिकार सढळ हाताने वापरायला सुरुवात केली. आंघोळ नको. नखं नको. आत्याची मिठी नको. आईचा फोन आला, “तुम्ही काय शिकवून ठेवलंय त्याला?” मला मनातून आनंदच झाला होता, पण तिची अडचण खरी होती. आत्याची मिठी नाकारणं पूर्ण मान्य करायचं, आत्याने रुसायचं नाही. आंघोळ मात्र रोजची. तिथे ‘करायची की नाही’ हा पर्याय द्यायचाच नाही, ‘आधी डोकं की आधी पाय’ हा द्यायचा, आणि जे अंग तो स्वतः धुऊ शकतो ते त्यालाच धुवू द्यायचं. आई तोवर त्याला पूर्ण आंघोळ घालत होती. सतरा वर्षांच्या मुलाला. ते थांबलं, हा या सगळ्यातला मला वाटणारा मोठा फायदा.

जोडीला ‘सांग’चा सराव. सांगायची माणसं ठरलेली, त्यांचे फोटो कपाटाच्या दारावर, आणि त्यांत एक घराबाहेरची व्यक्ती असलीच पाहिजे असा माझा आग्रह असतो. कारण त्रास घरातूनच होत असेल तर? दादाने त्याच्या विशेष शिक्षिकेचा फोटो निवडला.

निरोधाच्या धड्यावर आईवडिलांचं एकमत झालेलं नाही. वडील तयार आहेत. मुलाला पुरुषाने शिकवावं हे मलाही पटतं. लिंगाच्या नमुन्यावर दाखवायचं, पाकीट दाताने नाही तर हाताने फाडायचं, टोक चिमटीत धरायचं, तेल लावायचं नाही कारण त्याने रबर फाटतं, वापरून झाल्यावर गाठ मारून केराच्या डब्यात. मुदतीची तारीख त्याला वाचता येत नाही, ती बघायला विश्वासातला माणूस ठरवावा लागेल. आई म्हणते, “एवढ्यात नको.” मी घाई करत नाही, पण तो अठराचा होतो आहे हे दर भेटीत एकदा बोलते.

इतर मुलांबद्दलही पालक विचारतात, म्हणून थोडक्यात. कर्णबधिर मुलांना नुसती पुस्तिका देऊन भागत नाही. सांकेतिक भाषेत सांगणारं माणूस हवं, आणि शक्यतो ते घरातलं नसावं, कारण आईच्या हातांतून हे प्रश्न विचारणं कुणालाही अवघड जातं. अंध मुलांना वर्णनाऐवजी वस्तू हातात द्या. स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं नियम इतका घट्ट धरतात की ‘अनोळखी माणसाने हात लावायचा नाही’ म्हटलं तर डॉक्टरांनाही लावू देणार नाहीत. अपवाद नियमासोबतच शिकवावा.

शेवटच्या भेटीत आईने विचारलं, “एवढं करूनही काही झालंच तर?” हे मुलाला नाही, पालकांना माहीत हवं. त्याला खोदून खोदून विचारायचं नाही. तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत ऐकायचं, विश्वास ठेवायचा, आंघोळ घालायची नाही, कपडे धुवायचे नाहीत आणि तडक रुग्णालय गाठायचं. संसर्गाची शक्यता असलेल्या प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं चांगलं, प्रतिबंधक औषध सुरू करता येतं; ते २८ दिवस घ्यावं लागतं. तपासणीही एकदा करून संपत नाही, कारण लागण झाल्यावर काही काळ चाचणीत ती दिसत नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा करायची. आईने हे सगळं वहीत उतरवून घेतलं, ७२ या आकड्याखाली रेघ ओढली आणि शाळेच्या पुढच्या तासाची चित्रं आधी बघायला मिळतील का, ते विचारायला मुख्याध्यापकांना फोन लावला.