परसबाग आणि कुळागर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेल्या वर्षी मे महिन्यातल्या वादळात आमचे दोन माड पडले. ओंडके अजून परसातच आहेत. आता उरलेल्या माडांच्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या दिसतात आणि एका लहान माडाचा मधला कोंब कलला आहे. कोणते औषध मारावे?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : औषधाचे नंतर बघू, आधी ओंडके हलवा. झावळ्या कापतो तो गेंड्या भुंगा. तो न उलगडलेल्या कोंबात आरपार भोक पाडतो आणि तोच कोंब उघडून झावळी झाली की पाती त्रिकोणी कातरल्यासारखी दिसते. अंडी मात्र तो माडावर घालत नाही. कुजलेले खोड आणि शेणखताचा खड्डा या त्याच्या पैदाशीच्या जागा. तुमचे ओंडके वर्षभर भिजून मऊ झाले असणार. एक फोडून बघा. भुश्यात अर्धचंद्रासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या जाड पांढऱ्या अळ्या दिसतील. अळ्या वेचून मारा, खोडाच्या चिरफळ्या करून कडक उन्हात वाळवा आणि जळणाला वापरा. जमिनीत राहिलेला बुंधाही उकरून काढा. शेणखत पावसाआधी एकदा पूर्ण उलथे करा आणि कोंबड्या असतील तर तिथेच सोडा.

मग माडाकडे वळा. कोंबाच्या बुडाशी ताजा, चघळलेल्या चोथ्यासारखा भुसा दिसला तर भुंगा आत आहे. टोकाला आकडा केलेल्या लोखंडी तारेने त्याला ओढून काढा. त्यानंतर वरच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत पाव किलो निंबोळी पेंड आणि तेवढीच वाळू मिसळून भरा. हे मे, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये करायचे. उंच माडावर पाडेली (नारळ पाडणारा) चढेल तेव्हाच त्याच्याकडून करून घ्या. लहान माडाला बेचक्यांत तीन डांबरगोळ्या ठेवून वर वाळू घातली तरी चालते, मात्र दर ४५ दिवसांनी गोळ्या बदलाव्या लागतात.

कललेल्या कोंबाची परीक्षा वेगळी. हलकेच ओढा. तो सहज हातात आला आणि बुडाला घाण वास असला, तर ती कोंबकूज आहे. माडाला वाढीचा कोंब एकच असतो, त्यामुळे इथे दिवस घालवू नका. कुजलेला भाग निरोगी पांढरा गर लागेपर्यंत धारदार कोयत्याने काढा, जखमेवर बोर्डो पेस्ट लावा (मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर) आणि नवा कोंब दिसेपर्यंत वर मडके पालथे घालून पाणी आत जाऊ देऊ नका. कूज गाभ्याच्या तळापर्यंत गेली असेल तर माड वाचणार नाही. तो तोडून कोंबाचा भाग जाळा.

आणखी एक. चढण्यासाठी खोडाला खाचा पाडू देऊ नका. ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो आणि तो खोडाच्या आत अंडी घालतो. त्याची लागण दिसते तोवर माड आतून पोकळ झालेला असतो. खाच पडलीच तर त्याच दिवशी तिला डांबर फासा.

पुन्हा झाड पडले तर तोडण्याआधी फोटो काढा आणि विभागीय कृषी कार्यालयात कळवा. शेतकरी आधार निधीसाठी (गोवा सरकारची नुकसानभरपाई) नुकसानीची पाहणी व्हावी लागते आणि जागा साफ झाल्यावर पाहायला काही उरत नाही.

प्रश्न : जुलैमध्ये पोफळीची हिरवी सुपारी पटापट गळली. बोर्डो मारला, उपयोग झाला नाही. मिश्रण चुकले का?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : वेळ चुकली. मिश्रणही तपासून घ्या. हिरवी सुपारी गळवतो तो कोळेरोग. त्याचे बीज पावसाच्या पाण्यातून पसरते आणि बोर्डो फळावर आधीच बसलेला असेल तरच ते अडवतो. आत शिरलेल्या रोगावर त्याचा इलाज नाही. पहिली फवारणी मेअखेर, पाऊस लागण्यापूर्वी. दुसरी ४० ते ४५ दिवसांनी, उघडीप बघून. पाऊस लांबला तर तिसरी.

१० लिटरसाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना घ्या. मोरचूद ५ लिटर पाण्यात रात्रभर फडक्यात बांधून टांगून ठेवा, विरघळतो. चुना थोड्या पाण्यात विरवा, मग त्याचे ५ लिटर करून गाळा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची हवीत, कारण लोखंडाच्या बादलीत मोरचुदातले तांबे बादलीवरच बसते. मोरचुदाचे पाणी बारीक धारेने चुन्याच्या पाण्यात ओता आणि ढवळत राहा. उलटे केले तर मिश्रण दाणेदार होते, नोझल तुंबते आणि फळावर थर टिकत नाही. शेवटी घासून चकचकीत केलेली सुरी मिनिटभर बुडवा. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. थोडे थोडे चुन्याचे पाणी घालत सुरी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा तपासा. शिळ्या, हवेने मेलेल्या चुन्यात नेमके हेच होते. मिश्रण त्याच दिवशी संपवा. घड खालूनही भिजला पाहिजे.

गळलेली सुपारी रोज गोळा करून जाळा किंवा कुळागराबाहेर, म्हणजे पोफळीच्या बागेबाहेर, खोल पुरा. झाडावर वाळून राहिलेले रोगट घड पावसाळ्यापूर्वी उतरवा. सुपारी खाली सडत ठेवून वर फवारत राहणे म्हणजे खर्च पाण्यात.

प्रश्न : ऑगस्टमध्ये दोन मिरवेली (काळ्या मिरीच्या वेली) आठवड्यात सुकल्या. शेजारच्या वाचतील का?
– एक वाचक, केपें

उत्तर : पानांवर कडा विसकटलेले काळे डाग आणि बुडाशी काळी कूज असली तर तो जलद मर रोग आहे, आणि त्या वेली गेल्या. मुळांसकट काढून जाळा, पाटात टाकू नका. शेजारच्या वेलींसाठी आधी पाणी काढा. आळ्यात पाणी तुंबत असेल तर कोणतेही औषध टिकत नाही. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात मिसळून प्रत्येक वेलीच्या बुडाशी ५ लिटर ओता आणि पानांवर १ टक्का बोर्डो (वर सुपारीसाठी सांगितलेलाच) मारा. जमिनीवर लोळणारे धुमारे छाटा किंवा वर बांधा, कारण मातीचे शिंतोडे आधी त्यांच्यावरच उडतात. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी द्यायची असेल तर पावसाआधी, निंबोळी पेंडीत मिसळून द्या. तांब्याच्या औषधाबरोबर कधीच नको, तीही बुरशीच आहे आणि मरते. नवी रोपे बाधित बागेतल्या फांद्यांपासून करू नका.

प्रश्न : मोठ्या शंखी गोगलगायींनी अबोली आणि मिरचीची रोपे एका रात्रीत फस्त केली.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : संध्याकाळी ओले गोणपाट पसरा, खाली पपईची किंवा कोबीची पाने ठेवा. पहाटे सगळ्या त्याखाली गोळा होतात. हातमोजे घालूनच वेचा, कारण या गोगलगायींतून माणसाला घातक जंत होऊ शकतात. वेचलेल्या दाट मिठाच्या पाण्यात बुडवून मारा आणि पुरा. मीठ मात्र कुंडीत टाकू नका, रोप जळते. पहिल्या पावसानंतरचे दोन आठवडे रोज वेचल्या तर अंडी घालण्याआधीच बऱ्याच संपतात. तोवर नव्या रोपांभोवती तळ कापलेली प्लास्टिकची बाटली उभी खोचा.