वाचक विचारतात : घाटातल्या मालगाड्या

प्रश्न : कर्जत-लोणावळा हा भोर घाट 1965 सालचा धरून मॉडेल रेल्वेच्या एचओ मापात (1:87) मांडतो आहे. त्या काळी मालगाड्या कशा चालत, हे कुठे शोधावं?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : त्या सालचं विभागाचं वर्किंग टाइम टेबल मिळवा. प्रवाशांचं नव्हे, कर्मचाऱ्यांसाठी छापलेलं. त्यात मालगाड्यांच्या वेळा, घाटातल्या वेगमर्यादा आणि कोणत्या इंजिनाने किती ओझं न्यावं याचे तक्ते असतात. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत किंवा निवृत्त रेल्वेवाल्यांच्या कपाटात ते निघतं. 1975 चा अंक मिळाला तर त्यावरून 1965 ठरवू नका. मधल्या काळात मालगाड्यांची डब्ल्यूसीजी-2 ही विजेची इंजिनं आली. तुमच्या सालाला शोभतो तो डब्ल्यूसीजी-1, म्हणजे 2600 अश्वशक्तीचा आपला ‘खेकडा’. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एक उभा आहे. चाकांना जोडणारे दांडे तिथे जवळून पाहून घ्या.

छापलेली वेळ म्हणजे गाडी धावल्याचा पुरावा नव्हे. ती नुसती राखून ठेवलेली वाट; माल असला तर गाडी. प्रत्यक्ष काय धावलं ते कंट्रोल चार्टवर, म्हणजे नियंत्रण कक्षातल्या रोजच्या नोंदीत दिसतं, पण ते चार्ट फार काळ कुणी जपत नाही.

तक्ते वाचताना एक घोळ हमखास होतो. मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’. म्हणजे घाट चढते ती डाऊन आणि उतरते ती अप! चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं लागतात. उतरणारी गाडी मंकी हिल, नागनाथ, ठाकुरवाडी इथे थांबते, कारण तिथले पॉइंट (रूळ बदलणारे सांधे) कॅच सायडिंगकडेच, म्हणजे ताबा सुटलेली गाडी अडवणाऱ्या फाट्याकडेच लावलेले असतात. गाडी ताब्यात आहे अशी खात्री झाली की मगच मुख्य मार्ग मिळतो. मांडणीत हा थांबा घ्याच, निम्मी मजा त्यातच आहे.

वाघिणींबद्दल : चारचाकी बंद वाघिणी, उघड्या वाघिणी, टाक्या, जोडीला काही बॉक्स, म्हणजे लांब आठचाकी उघड्या वाघिणी. बॉक्स-एन नको. ती 1980 च्या दशकातली, शिवाय एअर ब्रेकची. व्हॅक्यूम ब्रेकवाल्या वाघिणींशी तिची नळीच जुळत नाही. सगळ्यांवर मध्य रेल्वेचीच अक्षरं रंगवू नका. वाघिणी देशभर फिरत, म्हणून एकाच गाडीत चार-पाच रेल्वेंची अक्षरं दिसली पाहिजेत. मुंबईतल्या तुर्भे (ट्रॉम्बे)-माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांमुळे टाक्या भरलेल्या चढायच्या आणि रिकाम्या उतरायच्या.

प्रश्न : वाघिणींचा जुना फोटो आहे, साल लिहिलेलं नाही. अंदाज कसा बांधायचा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : भिंग घेऊन वाघिणीच्या अंगावरची बारीक अक्षरं वाचा. रेल्वेची अक्षरं, क्रमांक, रिकामं वजन यांच्याबरोबर पीओएच, म्हणजे मोठ्या दुरुस्तीची तारीख आणि कारखान्याची खूण असते. पुढच्या दुरुस्तीसाठी परतायची तारीखही असते. फोटो बहुधा या दोन तारखांमधला. एका वाघिणीवर विसंबू नका, तीन-चार वाचा. त्यांतली सर्वांत अलीकडची पीओएच तारीख ही तुमची खालची मर्यादा. ‘जीआयपी’ (मध्य रेल्वेच्या आधीची रेल्वे) दिसलं म्हणून लगेच 1951 च्या आधीचा म्हणू नका. रेल्वेचं नाव बदललं त्याच दिवशी सगळ्या वाघिणी काही रंगल्या नाहीत.

प्रश्न : मॉडेलमध्ये 1:37 चा चढ (37 ला 1) दिला, मागे बँकर लावला, तर मधल्या वाघिणी वळणावर पडतात.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोष बहुधा वजनाचा आणि वेगाचा. अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेचा ठोकताळा असा : 28 ग्रॅम, अधिक लांबीच्या दर इंचाला 14 ग्रॅम. म्हणजे 158 मिलिमीटरच्या बॉक्सला सुमारे 115 ग्रॅम. वजन तळाशी चिकटवा. दोन्ही इंजिनं आधी सुटी, एकामागे एक पळवून बघा. मागचं पुढच्याला गाठत असेल तर ते वाघिणींना वळणाबाहेर ढकलणारच. उलट बँकर फार मंद असेल तर तो ओझं होतो आणि हलक्या वाघिणी वळणाच्या आत ओढल्या जातात. बँकरचा वेग पुढच्यापेक्षा किंचित कमी ठेवा. या चढाला 10 सेंटिमीटर उंचीसाठी 3.7 मीटर लांबी लागते; सुरुवातीला आणि माथ्यावर आणखी 30-30 सेंटिमीटरमध्ये चढ हळूहळू बदलू द्या, नाहीतर कपलिंग तिथेच सुटेल.