ई-कॉमर्समध्ये मास्टर्स करायचंय? आधी फीचं गणित मांड

अरे, कोर्सच्या नावावर जाऊ नकोस, सिलॅबस उघडून बघ, पेमेंट सिस्टीम, डेटाबेस, सप्लाय चेन, अ‍ॅनालिटिक्स हे नीट शिकवतात का, कारण काही ठिकाणी नुसता एमबीएचाच मार्केटिंगचा कोर्स नाव बदलून असतो. जीआरई, जीमॅट या प्रवेश परीक्षांचा स्कोअर 5 वर्षं चालतो, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचा 2च, त्यामुळे परीक्षा त्या हिशोबाने दे. आणि पैशाचं सांगतो, स्कॉलरशिपची डेडलाईन बऱ्याचदा अ‍ॅडमिशनच्या आधीच असते, माझं एक शिफारसपत्र चार दिवस उशिरा पोचलं, अ‍ॅडमिशन मिळाली पण स्कॉलरशिप गेली ती गेलीच. फी पर क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या एका युनिटमागे, दिली असेल तर एकूण क्रेडिटने गुणून बघ, वर राहणं-खाणं, इन्शुरन्स धर. असिस्टंटशिपसाठी, म्हणजे शिकवण्यात किंवा रिसर्चमध्ये मदत करून पैसे मिळतात त्या कामासाठी, प्रोफेसरना आत्ताच मेल टाक. लोन शेवटी, शिकत असतानाही व्याज चढतच असतं बहुतेक लोनवर.